‘हे त्याले कोनं सांगतलं वं?’

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांब होईल.

तालुक्याला साहित्याचा एक कार्यक्रम होता. शहरातून आलेले वक्ते उद्धव शेळक्यांच्या ‘धग’वर बोलता बोलता म्हणाले, कादंबरी महत्त्वाची खरी, पण प्रादेशिक, काळाच्या कसोटीवर ती कितपत उतरते ते पाहावं लागेल. पुढच्या रांगेतल्या माना हलल्या. अमरावती जिल्ह्यातल्या लेखकाबद्दल, वऱ्हाडात, वऱ्हाडी माणसांसमोर हे बोलणं झालं आणि माना हलल्या! प्रश्नांना वेळ ठेवलाच नव्हता, नाहीतर तिथंच उभी राहिले असते.

कोणाची कसोटी? कोणाच्या हातात आहे ती?

मी कॉलेजात होते तेव्हा ‘धग’ घरी आणली होती. माय शाळेचं तोंड न पाहिलेली. संध्याकाळी वातींसाठी कापसातली सरकी काढत बसायची आणि मी मोठ्यानं वाचायची. कौतिकचं राबणं, तिच्या नवऱ्याचं, महादेवचं, हातपाय गाळून बसणं, घरात काही नसताना तिनं चूल पेटती ठेवणं. एका ठिकाणी मायचे हात थांबले. सरकी ओटीत तशीच पडली. मला म्हणाली, “हे त्याले कोनं सांगतलं वं?”

याहून मोठी समीक्षा मी आजवर वाचलेली नाही. तिला वाटलं, आपल्या घरातली गोष्ट कोणीतरी त्या माणसाच्या कानावर घातली. ‘धग’ १९६० ची. मायपर्यंत ती पोचायला कित्येक वर्षं गेली, आणि पोचली त्या क्षणी उतरली. आता ही कसोटी कोणत्या वहीत मांडायची?

काळाचंच म्हणता तर काळाचंच बोलू. रिद्धपूर इथून लांब नाही. तिथं तेराव्या शतकात म्हाइंभटांनी माणसामाणसाकडे जाऊन महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र उभं राहिलं. पुढं महानुभावांनी ते ‘सकळ’ नावाच्या आपल्या सांकेतिक लिपीत जपलं, हातानं उतरवून घेतलं, पूजेत ठेवलं. बाहेरच्या विद्वानांना शेकडो वर्षं त्याची खबर नव्हती. म्हणजे तेवढा काळ ते कसोटीला नापास होतं का? विसाव्या शतकात इतिहासकार राजवाड्यांनी लिपी उलगडली, नागपूरच्या नेन्यांनी ग्रंथ छापला, १९७८ मध्ये कोलत्यांची आवृत्ती आली. २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तर ज्याच्या त्याच्या तोंडी लीळाचरित्र. पण ग्रंथ तोच होता ना? पोथ्या फडक्यात बांधून सांभाळणारी माणसं आधीपासून वाचतच होती. त्यांना कोणी वाचक म्हणून मोजलं नाही, एवढंच.

हो, ते विद्वान नसते तर तुमच्या-माझ्या हाती पुस्तक आलं नसतं. कोलते आमच्या बुलडाण्याकडचेच. मान्य आहे. पुढे चला.

आणि महानुभावांचंच सांगते. पंथातले केशोबास संस्कृतात लिहायला निघाले तर चक्रधरांमागं पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी अडवलं, म्हणाले, यानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील, म्हणजे ज्ञानाला मुकतील. सातशे वर्षांपूर्वी आमच्या मातीत लिहिण्याला लावलेली कसोटी ही होती! म्हातारीला कळेल का, तिच्या ओटीत काही पडेल का. पंडित काय म्हणतील, हे त्यांनी विचारलंच नाही. माझी माय त्या म्हाताऱ्यांतलीच, असं मी धरून चालते.

संस्कृत नाटककार भवभूतीनंही आपल्या काळातल्या निकालाकडे पाहिलं नाही. तो विदर्भातल्या पद्मपूरचा, आपल्या नाटकातच तसं सांगतो. आमगावजवळचं पद्मपूर ते हेच, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. आठव्या शतकातल्या या माणसाला त्याच्या काळात नावं ठेवणारे असणारच, त्याशिवाय ‘मालतीमाधवा’च्या सुरुवातीला तो असं लिहिणार नाही: हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच, माझ्या जातकुळीचा कोणीतरी पुढं जन्मेल, काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. हे वाचलं की माझा राग थोडा उतरतो. केवढा धीर त्याच्यापाशी! त्याला कोण भेटेल, कधी भेटेल, काही ठाऊक नव्हतं.

पण सगळ्यांनाच असा धीर कुठून यावा? बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकात आली १९५२ ला, अत्र्यांच्या हाती वही पडली म्हणून. मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला चालला, ते निर्दोष सुटले, आणि पुढं त्यांच्याच कविता पोरांना पाठ करायला लावल्या. निकाल फिरतात. फिरवणारे मात्र कधी म्हणत नाहीत की आधीचा निकाल चुकला होता. ते ‘पुनर्मूल्यांकन’ म्हणतात आणि त्यावर चर्चासत्र घेतात. याचा मला संताप येतो.

‘धग’ला समीक्षकांनी वाऱ्यावर सोडलं, असं मात्र मी म्हणणार नाही. चांगलं लिहिणाऱ्यांनी चांगलंच लिहिलंय. पण त्या कौतुकाच्या शेपटाला ‘प्रादेशिक’ लागतंच. पुण्या-मुंबईच्या चाळीवरची, वाड्यावरची कादंबरी मराठी, आणि तळेगावच्या कौतिकची प्रादेशिक? आणि हे विदर्भात येऊन सांगता? संस्कृतातल्या जुन्या काव्यशास्त्रात दंडीनं वैदर्भी रीतीला, म्हणजे विदर्भाच्या लेखनशैलीला, सगळ्यात वर बसवलंय. तेव्हा विदर्भाचं नाव लागलं की मान मिळायचा. आता त्याच नावाखाली आम्हाला वेगळ्या ताटात वाढता.

मायचं वय झालंय आता. परवा तिला विचारलं, कौतिक आठवते का? म्हणाली, “आठवते म्हंजे? तिचं पुढं वाच ना.” तिच्या लेखी कौतिक अजून कुठंतरी चूल फुंकत बसलीय.

तर ठरवलंय. कापसाची वेचणी आटोपली की आमच्या ओसरीत ‘धग’ पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायची. गल्लीतल्या बाया येतील, वाती वळतील, डाळ निवडतील, मधूनमधून बोलतील. ज्यांना यायचं त्यांनी या. आमच्या वाचनालयात एकच प्रत आहे आणि तिची मधली पानं सुटलीत. कोणाकडे जास्तीची असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.