लोबालूच्या दोन जर्स्या

परवा दाजींनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. डॉमिनिक लोबालू या निर्वासित धावपटूचे दोन फोटो: एक स्वित्झर्लंडच्या जर्सीत, दुसरा पॅरिस ऑलिम्पिकमध्ये निर्वासित संघाकडून पळताना. खाली लिहिलंय की हा ढोंगी आहे, खोट्या कागदांवर निर्वासित झालाय, असे लोक वशिल्यानं घुसतात आणि आपल्या धावपटू अविनाश साबळेसारख्या पोरांची जागा खातात. आष्टीत शाळेकडून आठशे मीटर पळणाऱ्या माझ्या भाचीनं फोन करून विचारलं, "मामा, खरंय का हे?"

खोटं आहे, बाळा.

"एवढा धडधाकट पळतो, मग निर्वासित कसला?" हे वाचून माझं डोकंच फिरलं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळ होईल, या रास्त भीतीनं देश सोडलेला माणूस म्हणजे निर्वासित, असं निर्वासितांबाबतचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. पायात बळ नसावं, अशी अट त्यात कुठेच नाही. लोबालूचे आईबाप दक्षिण सुदानच्या युद्धात मारले गेले, तेव्हा तो लहान पोर होता. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेल्या घरची पोरगी शर्यतीत पहिली आली, तर तिचे आईबाप कोयता घेऊन गेलेच नाहीत, असं म्हणाल का दाजी?

दोन जर्स्यांचं म्हणाल, तर २०१९ ला जिनिव्हात शर्यत जिंकूनही बक्षिसाचे पैसे मिळाले नाहीत, असं तो सांगतो. तेव्हाच त्यानं निर्वासित धावपटूंचा संघ सोडून स्वित्झर्लंडमध्ये आश्रय मागितला. २०२४ च्या मे महिन्यात जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं त्याला स्वित्झर्लंडकडून पळायची परवानगी दिली आणि जूनमध्ये रोमला युरोपीय स्पर्धेत त्यानं १०,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. ऑलिम्पिकचा नियम वेगळा. ऑलिम्पिक सनदेच्या ४१ व्या नियमानुसार खेळाडू त्या देशाचा नागरिकच लागतो, आणि लोबालूकडे स्विस नागरिकत्व नव्हतं. म्हणून पॅरिसला तो निर्वासित संघातून उतरला. यात खोटे कागद कुठून आले?

वशिल्याच्या आरोपात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. निर्वासित संघाची निवड नुसत्या शर्यतीतल्या वेळेवर होत नाही. २०१६ ला रिओत केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीतून आलेली रोझ लोकोन्येन ८०० मीटर २:१६.६४ मध्ये पळाली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली. पण लोबालूनं २०२२ ला स्टॉकहोमला डायमंड लीग या अव्वल धावपटूंच्या स्पर्धेत ३,००० मीटर ७:२९.४८ मध्ये जिंकले. पॅरिसला ५,००० मीटरमध्ये त्याचं कांस्य ०.१४ सेकंदानं हुकलं. हे वशिल्यानं होत नाही.

राहिला आपला अविनाश साबळे. एका देशाला एका शर्यतीत जास्तीत जास्त तीन धावपटू उतरवता येतात, आणि निर्वासित खेळाडू भारताच्या त्या तिघांत मोजले जात नाहीत. मांडव्याच्या या पोरानं स्वतःच्या वेळेवर पॅरिस गाठलं आणि तो स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाला. त्याची जागा कुणीही खाल्ली नाही.

दाजी, मेसेज ग्रुपवरून काढा. आणि पोरीला तुम्ही स्वतः फोन करून सांगा.