लुलूच्या ‘न्यू रूट्स’विषयीच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

स्कॉटिश पॉप गायिका लुलूच्या ‘न्यू रूट्स’ या १९७० सालच्या अल्बमवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. मुरलेल्या अमेरिकन निर्मात्यांनी आणि वादकांनी आपल्या तयार चौकटीत एका पॉप गायिकेला उभे केले, त्यात तिची स्वतःची प्रगल्भता कोणती, असा आपला आक्षेप आहे. आक्षेप रास्त आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

चौकट तयार होती, हे खरेच. जेरी वेक्सलर, टॉम डाउड आणि आरिफ मार्दिन या तिघा निर्मात्यांनी त्याआधी ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डचा मेम्फिसचा अल्बम केला होता, आणि अलाबामातील ज्या वादकांनी लुलूला साथ केली त्यांनी १९६९मध्येच मसल शोल्स साउंड हा स्वतःचा स्टुडिओ थाटला होता. काही गाण्यांत तर ड्वेन ऑलमनची गिटार आहे. पण रॉजर हॉकिन्सचे ड्रम आणि डेव्हिड हूडचा बास ऐकावा; ही साथ इतकी मोजकी आहे की गाणारीला तिच्याआड लपायला जागाच उरत नाही.

१९६४मध्ये, पंधराव्या वर्षी, ‘शाउट’ गाताना लुलू पहिल्यापासूनच घसा फोडून गाते, आणि त्या जोशावरच ती ओळखली गेली. मार्च १९६९मध्ये माद्रिदच्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत ‘बूम बँग-अ-बँग’ला संयुक्त विजेतेपद मिळाले (विजेते चार होते, हा त्या स्पर्धेचा एक विनोदच), तेव्हाही तिच्याकडून उत्साहापलीकडे कोणाची काही अपेक्षा नव्हती. त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या, या अल्बममधल्या ‘ओ मी ओ माय’ची निदान सुरुवात पुन्हा ऐकावी, ही विनंती. जवळजवळ बोलल्यासारखे शब्द ती हलकेच सोडत जाते आणि आवाजातली ती प्रसिद्ध खरखर ध्रुवपदापर्यंत राखून ठेवते. हळू गा, असे निर्माता सांगू शकतो. पण श्वास कुठे घ्यायचा आणि ओळीचा शेवट कितपत विरू द्यायचा, हे माइकसमोर उभ्या असलेल्या गायिकेलाच ठरवावे लागते.

हेच गाणे पुढे अमेरिकन सोल गायिका अरीथा फ्रँकलिनने १९७२च्या ‘यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’मध्ये गायले. निर्माते तेच तिघे असल्याने त्यात नवल काय, असे आपण म्हणाल. अरीथाचे गाणे सरस आहे, यात वादच नाही. तरीही ते ऐकल्यावर लुलूचे गाणे फिके पडून बाजूला राहत नाही, कारण अरीथाच्या गळ्यातला चर्चचा संस्कार उसना आणण्याचा प्रयत्न ही ग्लासगोची मुलगी करत नाही. तसा तो केला असता, तर आपला आक्षेप मी मुकाट्याने मान्य केला असता.

लुलूच्या अल्बममधले ‘मिस्टर बोजँगल्स’ मात्र मलाही फसलेले वाटते. तिथे ती गाण्याच्या आदरापोटी अवघडून गेली आहे.

विक्रीचा मुद्दा मी फारसा धरत नाही. ‘ओ मी ओ माय’ अमेरिकेत २२व्या क्रमांकापर्यंत गेले आणि ब्रिटनमध्ये ४७व्यावर अडले, यावरून मायदेशी तिची जुनी प्रतिमा किती घट्ट बसली होती, एवढेच कळते. त्यापेक्षा याच अल्बममधले ‘मार्ली पर्ट ड्राइव्ह’ ऐकावे. तिचा तेव्हाचा पती मॉरिस गिब ज्या बी जीज या बँडमध्ये होता, त्यांचेच हे गाणे; म्हणजे निदान ही गोष्ट तरी ती अलाबामाला घरूनच घेऊन गेली होती. त्यातही आपल्याला केवळ वेक्सलरच ऐकू आले, तर नेमके कोणत्या ओळीत, ते अवश्य कळवावे.