मोहरीची एक्सपायरी

कोल्हापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या मोहरीवरून वाजलंय. धाकट्या वहिनीनं तारीख उलटली म्हणून न फोडलेलं पाकीट घंटागाडीत टाकलं. काका उसळले, "अगं, मोहरी काय दूध हाय व्हय नासायला?" पोरं वहिनीच्या बाजूनं: छापलंय म्हणजे छापलंय. शेवटी मला विचारणा झाली, "तुमच्या इंग्लंडात काय करत्यात?"

इथली माणसंही लेबलाला देव मानतात. पण इथं तारखा दोन आहेत. मांस-मासळीसारख्या नाशवंत मालावर 'यूज बाय'. ती उलटली की विकणं गुन्हा, आणि वास चांगला आला तरी खायचं नाही. बिस्किटं, डाळी, मसाल्यांवर 'बेस्ट बिफोर'. ती फक्त चवीची हमी. उलटली तरी माल विकता येतो. २०२२ मध्ये मॉरिसन्स या दुकानसाखळीनं आपल्या ब्रँडच्या ९० टक्के दुधावरचं 'यूज बाय' काढून 'बेस्ट बिफोर' छापलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, वास घेऊन ठरवा. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यांदेखत ग्लासात घेणाऱ्या गावाला याचं हसू येणारच.

पण म्हणून काका जिंकले असं मी म्हणणार नाही. भारतातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी पाकिटावर 'एक्सपायरी किंवा यूज बाय' सक्तीचं केलं आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवलं. म्हणजे पनीरवर जो शब्द, तोच मोहरीवर. मग वहिनीनं दोन्हींना एकच न्याय लावला तर तिचं काय चुकलं? काकांनी भांडायचंच तर त्या शिक्क्याशी भांडावं. आणि नाकावर फार भिस्त नको. लिस्टेरियासारखे जंतू फ्रीजमध्येही वाढतात, त्यांना ना वास ना चव.

(इथं शेंगदाण्याच्या पाकिटावर 'यात शेंगदाणे आहेत' असं लिहितात. पोरं ते फोटो टाकून हसतात. अॅलर्जीनं ज्याचा घसा सुजतो, तो हसत नाही.)

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. जिथं छापलेलं शब्दशः पाळायचं, तिथं आमचं अख्खं घर अंदाजपंचे चालतं. जुलाबावर द्यायच्या ओआरएसच्या (मीठ-साखरेच्या पुडीच्या) मोठ्या पाकिटावर स्वच्छ लिहिलेलं असतं: सगळं पाकीट एक लिटर पाण्यात. आमच्याकडं दोन चमचे पेल्यात, उरलेलं पाकीट मुडपून डब्यात. द्रावण घट्ट झालं तर जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात, रक्तातलं मीठ चढतं. लहान पोराला ते झेपत नाही. त्यावर ग्रुपमध्ये आजवर एक मेसेज नाही.

तेव्हा वहिनी, पुढच्या वेळी तारीख उलटली तरी मोहरी बिनधास्त फोडणीला टाका. फार तर चार दाणे जास्त लागतील. आणि काका, एक लिटरची बाटली औषधांच्या डब्याशेजारी ठेवा.