बधिर चट्टा ओळखायला शिकवा
कुष्ठरोग म्हणजे पापाचं फळ असं दहावीतल्या मुलांनाही वाटतं, हे एका लेखात वाचून वाईट वाटलं, नवल नाही. परवा नाशिकच्या रामकुंडावर माझ्या भाचीने बोटं गेलेल्या एका आजोबांच्या वाडग्यात नाणं लांबूनच टाकलं. "हात लागला तर?" तिथंच पायरीवर बसवून सांगितलं, अगं, हा जंतूंचा आजार आहे, नुसता हात लागून होत नाही. ६ किंवा १२ महिन्यांचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, माणूस पूर्ण बरा होतो. जरा वेळाने म्हणाली, "मग त्यांची बोटं कशी गेली?" या आजारात हात बधिर होतो, चटका कळत नाही गं, जखमा चिघळत जातात. शाळांनो, ३० जानेवारीच्या, कुष्ठरोगविरोधी दिनाच्या शपथेसोबत या रोगाची खूण असलेला फिकट, बधिर चट्टा कसा ओळखायचा तेही दाखवा. पोरं लाजेपायी तो बाहीखाली झाकतात.