भावकी, नकाशा आणि पणजोबांची बाकी

2023 पासून आमच्या लातूरकडं माणूस भेटला की ‘पाऊस हाय का?’च्या जोडीनं ‘कुणबी नोंद सापडली का?’ हेही विचारतो. आरक्षणाच्या दाखल्यासाठी आमच्या घरीही जुन्या कागदांत पणजोबांचा शोध चालू आहे. कागद ऑनलाइन आहेत, नाही असं नाही. पण हजारो पानं, बरीचशी उर्दू, काही मोडी, फाईलींची नावं ‘स्कॅन 0047 नवीन फायनल’, आणि एकेक उघडून बघायची. एक पान पुरतं दिसेपर्यंत लाईट जाते.

दिवाळीत पुण्याचा पुतण्या आला. त्यानं कागदांची सूची घेऊन एकाच पडद्यावर चार चौकटी मांडल्या: नकाशा, आडनावं, सालवार उभे पट्टे आणि कागदांची यादी. "काका, ह्या चारी एकमेकीला बांधलेल्या हायत. नकाशात गाव धरलं की बाकी तिन्हीत त्याच गावाचं तेवढं उजळतंय." ही युक्ती त्याची नव्हे, बेकर आणि क्लीव्हलंड या संख्याशास्त्रज्ञांनी 1987 सालीच त्यावर शोधनिबंध लिहिला होता. पुढं 1996 मध्ये संगणकशास्त्रज्ञ श्नायडरमन यांनी क्रम सांगितला: आधी सगळं वरून बघा, मग गाळा, मग हवा तो कागद उघडा. आमच्या भावकीत आधी कागद मागतात, मग भांडतात. सगळं चित्र दिसतं ते थेट वकिलाला.

माउस आत्याकडं गेला. तिनं लातूर जिल्हा धरला, तर जुन्या सालांचे सगळे पट्टे विझले.

"माय गं! म्हातारा कुटं गेला?"

म्हातारा उस्मानाबादेत होता. उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला 16 ऑगस्ट 1982 ला. त्याआधीच्या कागदांना तो ठाऊकच नाही. तेवढ्यात आप्पांनी आमचं आडनाव दाबलं आणि चुलत्यांचं घराणं पडद्यावरून गेलं. त्यांचं आडनाव लिहिणाऱ्यानं एक काना जास्त दिलेला. "आमाला कामून काढायलास रे?" इथं चहा ठेवावा लागला.

खरी गंमत सालांच्या पट्ट्यांत होती. सगळे पट्टे एकीकडं, आणि पार डाव्या टोकाला 1343 च्या आसपास एक टेकाड. 1343 म्हणजे दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद तुघलक! आप्पांची छाती फुगली; आपलं घराणं एवढं जुनं असेल, हे त्यांना मनातून ठाऊकच होतं. पुतण्यानं ते टेकाड धरलं. यादीत उरले फक्त उर्दू कागद, नकाशात आमचाच औसा तालुका. तेव्हा उलगडलं: निजामाच्या दप्तरातलं साल फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं. 590 मिळवा, 1933. नुसत्या यादीत हे शंभर वेळा डोळ्यांखालून गेलं असतं. आप्पा मात्र सहाशे वर्षं गमावल्यासारखे बसले.

मग गाव धरलं, आडनाव धरलं, टेकाड धरलं. उरला एकच कागद. "आमचाच पणजोबा हाय त्यो," चुलते म्हणाले. "तुमचा कसा? थोरली पाती आमची," आप्पा कडाडले. एवढ्यात गल्लीतले उर्दू शाळेचे निवृत्त मास्तर आले, चष्मा पुसून वाचू लागले. नाव बरोबर. गाव बरोबर. पुढं शेतसारा बाकी, मागल्या सालाचाही बाकी.

चुलते उठून चपला घालायला लागले. आप्पा म्हणाले, "नीट बघा मास्तर, त्या नावाला एक काना जास्त दिसायलाय."