मॅपची कॉपी निवडली म्हणून कुणाचा आयडी बॅन होत नाही

‘मॅपची कॉपी निवडू दिली की गेम संपला’ असा एक लांबलचक मेसेज सध्या ठाण्यातल्या गेमिंग ग्रुपांवर फिरतोय. हजारो लोक एकत्र खेळतात अशा ऑनलाइन गेममध्ये मॅपवर गर्दी झाली की गेम त्याच मॅपची दुसरी, तिसरी कॉपी उघडतो आणि खेळाडू त्यांत वाटून टाकतो. यातली हवी ती कॉपी खेळाडूंना यादीतून निवडू द्या, अशी मागणी आहे. मेसेजचं म्हणणं असं की तसं केलं तर सर्व्हर बसेल, मॅप ओस पडतील, लुटालूट होईल. शिवाय म्हणे कॉम्प्युटर योग्य तीच कॉपी देतो. आणि कॉपी बदलणं हे हॅकिंग, त्याने आयडी बॅन होतो. फिरत फिरत हे ऐरोलीला माझ्या ताईकडे पोचलं आणि तिने भाच्याला गेमच डिलीट करायला लावला. म्हणून लिहितोय.

आधी हॅकिंगचं बघू, कारण नुकसान त्याने झालंय. ‘गिल्ड वॉर्स’ २००५ साली आला. त्यात प्रत्येक गावाचे डिस्ट्रिक्ट असतात, म्हणजे कॉपीच. गावात शिरलं की कोपऱ्यात यादी दिसते. ती उघडायची, हवा तो डिस्ट्रिक्ट निवडायचा, काम झालं. ही यादी गेम बनवणाऱ्यांनीच तिथे ठेवली आहे. ‘फायनल फँटसी १४’ मध्ये मॅपच्या कॉपी चालू असतील तेव्हा एथराइट नावाच्या स्फटिकापाशी जाऊन १, २, ३ यातून निवडता येतं. ‘लॉस्ट आर्क’ मध्ये चॅनेल, म्हणजे कॉपीच, बदलता येतं. गेमनेच दिलेलं बटण दाबणं हे हॅकिंग कसं? पोराच्या आईला घाबरवण्याआधी मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तरी गेम उघडून बघायला हवा होता.

‘कॉम्प्युटर योग्य तीच कॉपी देतो.’ मी वर्तकनगरला, भाचा ऐरोलीला, फोन स्पीकरवर. “मामा, मी पुलावरच उभा आहे, तू कुठेयस?” मीही गेममधल्या त्याच पुलावर होतो. कॉपी वेगळी होती, एवढंच. ‘गिल्ड वॉर्स २’ ने २०१४ मध्ये मेगासर्व्हर, म्हणजे खेळाडूंना आपोआप कॉपींत वाटणारी व्यवस्था, आणला. पार्टी (सोबत खेळणारा छोटा ग्रुप), गिल्ड (खेळाडूंचा मोठा, कायमचा गट), भाषा बघून तो माणसं एकत्र टाकायचा प्रयत्न करतो, पण कॉपी भरली की त्याचाही इलाज नसतो. तिथे टेक्वॅटल नावाचा ड्रॅगन १५ मिनिटांत मारायचा असतो आणि त्याला भरपूर माणसं लागतात. मग लोक काय करतात? भरपूर माणसं असलेल्या कॉपीतला कुणीतरी पार्टीची जाहिरात टाकतो, बाकीचे त्या पार्टीत शिरून त्याच्या कॉपीत जातात आणि लगेच पार्टी सोडतात, म्हणजे पुढच्यांना जागा होते. याला टॅक्सी म्हणतात. निवड तर होतेच आहे. फक्त ज्याला ही युक्ती माहीत आहे त्यालाच ती मिळते, नवीन पोरगं रिकाम्या मॅपवर ड्रॅगनकडे बघत बसतं. सरळ यादी द्या, हीच तर मागणी आहे.

लुटालुटीच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ आला तेव्हा लोक लेअर (तिथे कॉपीला लेअर म्हणतात) बदलून बदलून तीच दुर्मीळ सामग्री पुन्हा पुन्हा उचलत होते. पण तिथे निवडायची यादी नव्हतीच! दुसऱ्याच्या ग्रुपमध्ये शिरून लेअर बदलायचे. कंपनीने लेअर बदलायला लागणारा वेळ वाढवला. तसाच वेळ यादीलाही लावता येतो.

सर्व्हर बसण्याची भीती तर बिनबुडाची. आधीच उघडलेल्या दोन कॉपींतली एक निवडली म्हणून तिसरी उघडत नाही, आणि प्रत्येक कॉपीत किती माणसं मावतात त्याची मर्यादा ठरलेलीच असते.

राहिला मॅप ओस पडण्याचा प्रश्न. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ मध्ये वर्ल्डच्या, म्हणजे अख्ख्या गेमच्या कॉपींच्या, यादीत प्रत्येकासमोर खेळाडूंचा आकडा दिसतो. खरेदी-विक्रीवाले ठरलेल्या वर्ल्डवर गर्दी करतात, एकट्याने झाडं तोडायची असतील तो रिकामं वर्ल्ड धरतो, आणि गेम वर्षानुवर्षं चालू आहे.