उजवा, डावा, उजवा, उजवा

चाळिशी उलटल्यावर ड्रम शिकायला निघालेल्या माणसाला कुणीतरी आधीच बजावायला हवे की ड्रम पुढे कधीतरी मिळतो. आरंभी मिळतात ते रबराचा एक मुका पॅड, दोन स्टिक्स आणि मेट्रोनोम या लय मोजणाऱ्या यंत्राची निर्दय टकटक. त्या पॅडवर मी सध्या ‘पॅराडिडल’ घोटतो आहे: उजवा, डावा, उजवा, उजवा, मग डावा, उजवा, डावा, डावा.

खरी मेख चौथ्या ठोक्यात आहे. हात नुसते आलटून-पालटून चालवले, तर चार-चार ठोक्यांची प्रत्येक मात्रा उजव्यानेच सुरू होते आणि डावा हात लग्नातल्या धाकट्या दिरासारखा मागे मागे मिरवत राहतो. शेवटचे दोन ठोके एकाच हाताने पडले, की पुढच्या मात्रेची जबाबदारी निमूटपणे डाव्यावर येते. माझ्या डाव्याने आजवर साधे कुलूपही उघडलेले नाही. ठोक्यांच्या अशा पायाभूत क्रमांची, म्हणजे रुडिमेंट्सची, 26 कलमी यादी 1933 साली स्थापन झालेल्या अमेरिकी ड्रमवादकांच्या संघटनेने रूढ केली आणि 1984 मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने ती 40 वर नेली. हा उत्साह पाहता डाव्या हातांना मताधिकार नसावा.

त्यातही सरांचा आग्रह असा, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला कोणता ठोका कोणत्या हाताचा हे मुळीच कळता कामा नये. म्हणजे साधना फळाला आली, की ती कुणालाच ऐकू येत नाही. “अहो, हे कालचंच आहे ना?” असे पत्नीने विचारले, तेव्हा काल सिंगल स्ट्रोक, म्हणजे नुसता उजवा-डावा-उजवा-डावा, होता आणि आज पॅराडिडल आहे, हे मी सविस्तर समजावले. तिने पुन्हा कान देऊन ऐकले आणि “मला तर तेच ऐकू येतंय,” असा निकाल दिला. एवढी मोठी दाद मला कुणीच दिली नव्हती.

वास्तविक या क्रमाची गंमत हात वेगवेगळ्या वाद्यांवर गेले की कळते. उजवा हाय-हॅट या झांजांच्या जोडीवर आणि डावा स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर ठेवला, काही ठोक्यांना वजन दिले आणि उरलेले जेमतेम कुजबुजते ठेवले, की त्याच सपाट टकटकीतून दोन वाद्यांचा झकास संवाद उभा राहतो. सरांच्या हातून तो उभा राहतो, हे मी पाहिले आहे. परवा त्यांनी मला प्रत्यक्ष ड्रमसेटवर बसवले. इतके दिवस पॅडने पोटात घातलेले डाव्याचे सगळे लंगडणे स्नेअरने खणखणीत आवाजात जाहीर केले. सरांनी मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर आणला आणि माझ्या उजव्या हातातली स्टिक काढून घेतली.